सही कुणाची आहे ही?

उभे राहा सगळे. हे रजिस्टर मी वाचून दाखवतो, नीट ऐका. आज सकाळी सात वाजताची नोंद. ‘बीए सेट क्रमांक ३. प्रेशर ३०० बार. मास्क ठीक. शिट्टी ठीक.’ खाली झोकदार सही. दुपारच्या मॉक ड्रिलला हाच श्वसनाचा सेट पाठीवर घेऊन तुमच्यातला एक जण निघाला, तेव्हा त्याला थांबवून गेज मी स्वतः पाहिला. काटा १९० वर होता. सकाळपासून सेट वापरल्याची नोंद नाही, कुणी जागेवरून हलवलेलाही नाही. मग हे ३०० आले कुठून?

कालच्या ओळीवरून आले. कालचे परवाच्या ओळीवरून. मी मागची पानं चाळली. रोज ३००, एक दिवस २९० नाही, की २८५ नाही. अरे, भरलेलं सिलिंडर पहाटेच्या गारव्यात थोडं खाली दाखवतं आणि दुपारी पत्र्याखाली तापलं की वर चढतं. गेज डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाच्या हातून रोज एकच आकडा उतरूच शकत नाही. म्हणजे तुम्ही सेट तपासलेच नाहीत. तुम्ही रजिस्टर तपासलंत, आणि तेही रकाना रिकामा राहू नये एवढ्यापुरतं.

आता हिशेब करा, माझ्यादेखत, तोंडी. सिलिंडर सहा लिटरचं. ३०० बार म्हणजे १८०० लिटर हवा. शेवटचे ५० बार, म्हणजे ३०० लिटर, बाहेर पडण्यासाठी राखीव. तिथे शिट्टी वाजते. उरले १५००. काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर ओढतो असं धरतात. झाली ३७ मिनिटं. आता १९० बारने हिशेब मांडा. ११४० लिटर, त्यातले ३०० राखीव, उरले ८४०. म्हणजे २१ मिनिटं. आणि तीही शांतपणे काम केलं तर. धुरात जिना चढायचा, शुद्ध हरपलेला माणूस ओढत आणायचा, छाती धडधडतेय, तेव्हा हवा मिनिटाला ६० लिटरनेही जाते. मग हातात राहिली १४ मिनिटं. तुझी टॅली, म्हणजे नावाची पट्टी, बाहेरच्या बोर्डावर लावणाऱ्याने तुझ्या नावापुढे रजिस्टरमधला आकडा लिहिलेला असणार. तिसावं मिनिट उलटेपर्यंत तो निर्धास्त उभा राहील, त्याच्या लेखी तू अजून कामात आहेस. तू मात्र त्याच्या निम्म्या वेळातच शिट्टी ऐकलेली असेल, तीही चालू असली तर. कारण शिट्टीही ‘ठीक’ अशीच लिहिलेली आहे.

सही करणाऱ्याला मी नावाने उभं करत नाही. कारण सही एकाची असली तरी पाहणारे तुम्ही सगळे होता. शिफ्ट घेताना पाहिलंत, देताना पाहिलंत. शिवाय सेट पाठीवर घेणाऱ्यालाही स्वतःचा गेज पाहावासा वाटला नाही. सेट चढवण्याआधी सिलिंडर उघडायचं, आकडा वाचायचा, मग वॉल्व्ह बंद करून मिनिटभर काटा पाहायचा. दहा बारपेक्षा जास्त उतरला तर सेट बाजूला. मग हवा हळूहळू सोडून शिट्टी नेमकी किती बारला वाजते ते ऐकायचं. मास्क लावून श्वास आत ओढायचा आणि तो चेहऱ्याला चिकटून बसतो का ते पाहायचं. या सगळ्याला पाच मिनिटं पुरतात. आणि तुम्ही मागच्या बाकावरचे दोघे, दाढी राखून आलात. कितीदा सांगितलं की केसांवर मास्कचं रबर बसत नाही? आत वायू शिरायला बोटभर फट लागत नाही, दाढीचे खुंट पुरतात. उद्या सकाळी गुळगुळीत होऊन या, नाहीतर बीए पथकातून नाव कमी.

आता ड्रिलकडे येतो. टाकीत पुतळा टाकला होता. सांडपाण्याची टाकी, आत एक कामगार बेशुद्ध, एवढीच वर्दी तुम्हाला दिली होती. तुमच्यातला सगळ्यात चपळ मुलगा शिडी लावून सेटशिवाय थेट खाली उतरला. वर उभ्या असलेल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या आणि एकाने मोबाइलवर चित्रण केलं. त्या मुलाला मी सांगतो, तुझ्या धैर्याबद्दल मला शंका नाही, पण आज तू मेलास. तुझ्यामागून दुसरा उतरला, तोही मेला. टाळ्या वाजवणाऱ्यांनी दोन प्रेतं टाकीत पाठवली. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर टाक्या आणि मॅनहोलमधल्या अपघातांच्या बातम्या काढून बसा. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा जातो, मग तिसरा. मेलेल्यांत वाचवायला उतरलेले असतातच, आणि बऱ्याचदा तेच जास्त असतात.

सांडपाण्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, हे तुम्ही पाठ केलंत. त्याच्या पुढची ओळ कुणीच पाठ केलेली दिसत नाही. प्रमाण वाढलं की तो नाकच बधिर करतो आणि वास यायचा थांबतो. ‘वास गेला, आता ठीक आहे’ म्हणून उतरणारा माणूस सगळ्यात वाईट वेळी उतरतो. आणि नायट्रोजन? त्याला वास नाही, रंग नाही, घशात खवखव नाही. तो फक्त ऑक्सिजनची जागा घेतो. दोन-चार श्वासांत माणूस खाली बसतो, हाक मारायचीही सवड मिळत नाही. म्हणून आधी वरूनच गॅस मीटर दोरीला बांधून सोडायचा आणि वर, मध्ये आणि तळाशी वाचन घ्यायचं. मग सेट, हार्नेस, लाइफलाइन, ट्रायपॉड. वर एक माणूस फक्त दोरी धरायला, दुसरा तयार सेट घालून उभा. एवढं होईपर्यंत आतला माणूस मरेल, असं तुम्ही म्हणाल. मरेलही कदाचित. पण हे न करता उतरलात तर तो मरेलच आणि सोबत तुम्हीही जाल.

तुम्ही शिकताय कुठे याचं भान आहे का? बोईसर-तारापूर. एमआयडीसीत हजारावर कारखाने: रसायनं, औषधं, रंग, कापड, पोलाद. भोवती शहरासारखी दाट वस्ती आणि तिचा कारभार ग्रामपंचायतींकडे. ८ मार्च २०१८ च्या रात्री इथल्या एका रसायन कारखान्यात स्फोट झाला, तिघे गेले. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी बांधकाम चालू असलेल्या कारखान्यात स्फोट झाला, आठ गेले. हादरा कित्येक किलोमीटरवरच्या गावांत जाणवला. २६ ऑक्टोबर २०२२, ऐन दिवाळीत, पुन्हा स्फोट, तीन कामगार. २१ ऑगस्ट २०२५ ला एका औषध कंपनीत वायुगळती, चार कामगार. ही यादी पुरी नाही, मला तारखांसह आठवणाऱ्या घटना तेवढ्या सांगितल्या. तुमच्यातल्या निम्म्यांचे वडील, काका, भाऊ याच एमआयडीसीत शिफ्टला जातात. साल्वड, कुंभवली, कोळवडे, पास्थळ ही नावं तुम्हाला नकाशात शोधावी लागत नाहीत. तरीही रजिस्टरमध्ये तुमचा हात ३०० लिहून मोकळा होतो, याची मला चीड येते.

आगीच्या ड्रिलमध्ये गेटवर काय केलंत तेही सांगतो. बंब आत शिरला आणि होज अंथरायला सुरुवात झाली. आत काय आहे, हे एकानेही विचारलं नाही. मी मुद्दाम गेटवर सुरक्षा रक्षक उभा केला होता आणि त्याच्या खिशात रसायनांची यादी ठेवली होती. ती त्याच्या खिशातच राहिली. यादीत पहिलंच नाव सोडियम धातूचं होतं. त्यावर पाण्याचा मारा केला असतात तर काय झालं असतं, ते आठवीतल्या मुलालाही माहीत असतं. टँकरवरची केशरी पाटी कशासाठी असते? तिच्यावरच्या कोडचा पहिला आकडा आग कशाने विझवायची ते सांगतो. तिथे ४ असेल तर पाणी नाही, कोरडी पावडर. शेवटी ई असेल तर आजूबाजूची माणसं हलवायचा विचार आधी करायचा. एवढं वाचायला दहा सेकंदं लागतात. वारा कुठून येतोय हे पाहायला त्याहून कमी. कारखान्यावर विंडसॉक असतो, नसला तर धुराकडे बघा. आज तुम्ही बंब वाऱ्याच्या खालच्या बाजूला लावलात. खरी गळती असती तर पंप चालवणारा ऑपरेटर पहिला पडला असता आणि त्याच्यामागून तुमचं पाणी गेलं असतं.

१४ एप्रिलला तुम्ही परेड केलीत, बिल्ले लावलेत, मौन पाळलंत. ते मौन कुणासाठी होतं? १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि जवळजवळ १४०० टन स्फोटकं होती. धोकादायक माल आहे हे सांगणारा लाल बावटा जहाजावर नव्हता. अग्निशमन दलाची माणसं त्यावर पाणी मारत राहिली आणि स्फोटात दलाचे ६६ जवान गेले. त्यांना आत काय आहे ते वेळेत कळलं नाही. तुम्हाला कळण्याची सोय होती, यादी दोन हातांवर होती, आणि तुम्ही मागितली नाही. त्या ६६ जणांसाठी मौन पाळणाऱ्यांनी गेटवर तोंड उघडायला हवं होतं.

रुग्णवाहिकेच्या तुकडीला वाटत असेल की आजचा दिवस अग्निशमनवाल्यांचा आहे. नाही. तुमचीही चेकलिस्ट माझ्याकडे आहे. ‘ऑक्सिजन पूर्ण.’ पूर्ण म्हणजे किती? आकडा का नाही? दहा लिटरचं सिलिंडर १५० बारने भरलेलं असेल तर १५०० लिटर. मिनिटाला दहा लिटरने अडीच तास. मी काटा पाहिला, तो ५० वर होता. म्हणजे पन्नास मिनिटं. भाजलेला माणूस बोईसरहून ऐरोलीच्या बर्न्स सेंटरला किंवा मुंबईला न्यायचा तर रस्ता शंभर किलोमीटरचा. पन्नास मिनिटांत तुम्ही बोईसर-चिल्हार रस्ता संपवून महामार्गाला लागलेले असाल, फार झालं तर थोडे पुढे. त्यानंतर? ३१ जुलै २०२५ ला पालघरमध्ये अंगावर झाड पडून जखमी झालेल्या एका बाईंना मुंबईला नेताना घोडबंदरच्या कोंडीत तास-तास गेले, आणि त्या मुंबईला पोचल्याच नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातली एक गरोदर बाई सिल्वासाला नेताना वाटेत गेली. रुग्णवाहिकेत ऑक्सिजनच नव्हता, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. कोंडी तुमच्या हातात नाही, रस्ता तुमच्या हातात नाही. सिलिंडरचा काटा तुमच्या हातात आहे.

आणि ड्रिलमधल्या त्या ‘रुग्णा’ला तुम्ही ॲसिडने भिजलेल्या कपड्यांसकट स्ट्रेचरवर घेतलंत. मी कपड्यांवर कागद चिकटवला होता, त्यावर ‘सल्फ्युरिक ॲसिड’ असं ठळक लिहिलं होतं. कपडे कापून काढायचे, भरपूर वाहत्या पाण्याने निदान वीस मिनिटं धुवायचं, मगच गाडीत घ्यायचं. बंद गाडीत तुम्ही, गाडी चालवणारा पायलट आणि तो, तिघे त्याच वाफा घेत निघालात. ॲसिड वाटभर त्याची कातडी खात राहिलं आणि तुम्ही त्याची नाडी मोजत बसलात. नाडीची नोंद मात्र अचूक होती, हे मान्य करतो.

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे, कॅन्टीनमध्ये बोलता ते माझ्यापर्यंत येतं. कंत्राट आहे. पगार उशिरा होतो. बारा तासांची ड्यूटी, रिलीव्हर आला नाही की चोवीस तास. गमबूट फाटलेले. राज्यात जानेवारी २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका सेवा आहे, ९३७ गाड्यांनी ती सुरू झाली, आणि तिच्यावरचे डॉक्टर, पायलट कंत्राटी म्हणून राबतात. एमआयडीसीतही कायम माणूस कमी, कंत्राटी जास्त. यातलं एक अक्षरही मी खोटं म्हणत नाही. पगारासाठी भांडा. युनियन करा, अर्ज करा, माझी सही हवी असेल तर मी देतो. फाटका गमबूट साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवा. पण गेज वाचायला पगार वाढावा लागत नाही. आणि ज्या दिवशी तुम्ही खोटं ३०० लिहिता, त्या दिवशी तुमचं भांडणच तुम्ही हरता. नवीन सिलिंडर मागायला साहेबाकडे जाल तेव्हा तो हेच रजिस्टर पुढे करेल आणि म्हणेल, तुमचे सगळे सेट तर रोज भरलेले आहेत, मागणी कशाची? न भरलेलं सिलिंडर भरलेलं लिहून तुम्ही कंत्राटदाराचे पैसे वाचवताय. चूक साहेबाची असली तरी तिच्यावर पांघरूण तुम्हीच घालताय. १९० आहे तर १९० लिहा. ‘शिट्टी वाजत नाही’ लिहा. ‘दुरुस्तीला पाठवला, परत आला नाही’ असं तारखेनिशी रोज लिहा. अपघातानंतर चौकशी होते तेव्हा हीच पानं बोलतात. आज तुम्ही त्यांना खोटं बोलायला शिकवलंय.

तुमच्यातले काही जण पुढे तपासणीच्या कामाला लागतील. २००६ च्या आपल्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून द्यावं लागतं. तिथेही रकाने असतील, तिथेही ‘ठीक’ लिहायची जागा असेल. आपल्याच जिल्ह्यात, विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे अतिदक्षता विभागात आग लागली आणि तेरा रुग्ण त्याच दिवशी गेले. व्हेंटिलेटरवरचा माणूस धूर दिसला म्हणून उठून पळत नाही. तो पूर्णपणे दुसऱ्यांच्या तपासणीवर जगत असतो. कुठल्या दवाखान्यात हायड्रंट उघडून न पाहता ‘ठीक’ लिहायची वेळ येईल, तेव्हा हात थांबला पाहिजे. तो थांबायची सवय इथे लागते, या खोलीत, एका क्षुल्लक सेटच्या रजिस्टरवर. इथे लागली नाही तर पुढे ती कुणी लावणार नाही.

वॉच रूमच्या दोघींना थोडक्यात. वर्दी घेताना ‘एमआयडीसी, कंपनीत आग’ एवढ्यावर फोन ठेवलात. कंपनीचं नाव, प्लॉट नंबर, जवळचा नाका, काय जळतंय, आत किती माणसं आहेत आणि फोन करणाऱ्याचा नंबर, हे सगळं विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. घाबरलेला माणूस ओरडतो, शिव्याही देतो. तुम्ही ओरडायचं नाही, एकेक प्रश्न विचारत राहायचं आणि तोवर गाडी निघालेली असली पाहिजे. बाकी तुमचं काम आज इतरांपेक्षा बरं होतं.

आणि तो व्हिडिओ. तो आत्ता माझ्यासमोर पुसला जाईल. आज पुतळा होता, उद्या कुणाचा तरी बाप असेल, आणि त्याच्या घरच्यांना बातमी तुमच्या स्टेटसवरून कळेल. ड्यूटीवर मोबाइल खिशात. ज्याला जमत नाही त्याने दुसरं काम बघावं. इथे मी त्याला ठेवणार नाही.

आता काय करायचं ते ऐका. सेट क्रमांक ३ लाल पट्टी बांधून बाजूला. उरलेले सगळे सेट आत्ता उघडायचे, दोघादोघांनी. एकाने काटा वाचायचा, दुसऱ्याने लिहायचं, मग अदलाबदल करून पुन्हा. जो आकडा दिसेल तोच लिहायचा, सगळे निघाले २०० च्या खाली तरी चालेल. ऑक्सिजन सिलिंडरचंही तसंच, लिटरसकट. रजिस्टरमधल्या आजच्या खोट्या ओळीवर खाडाखोड करायची नाही, पांढरी शाई लावायची नाही. तिच्या खाली खरी ओळ लिहायची, वेळ घालायची, आणि ज्याने पहिली सही केली त्यानेच दुसरी करायची. टाकीचं ड्रिल सहा वाजता परत होईल. सगळ्यात आधी शिडी लावणाऱ्याने आज दोरी धरून वर उभं राहायचं. ज्यांच्या घरी कुणी वाट पाहत असेल त्यांनी आत्ताच फोन करून सांगा, यायला उशीर होईल.